रंग शेवटपर्यंत राहतो

नाना,

आईने आज सकाळीही पेजेचा चमचा दातांनी अडवला. ओठ घट्ट मिटले, मान भिंतीकडे वळवली. मी कोण हे तिला आता कळत नाही, पण नको म्हणणं कळतं. की तेही मीच ठरवलंय? डॉक्टर म्हणतात, या आजारात गिळणंच विसरायला होतं, त्याला नकार समजू नका. नाकातून नळी घालता येईल. बहुतेक पेशंट ती ओढून काढतात, म्हणून हात बांधून ठेवावे लागतात. उद्यापर्यंत सांगा, म्हणाले.

दुपारी तिच्या उशाशी बसून मोबाइलवर तुमचा मँडरीन बघत होते. करंगळीएवढा मासा, निळ्या अंगावर नारंगी नागमोडी रेघा. तुम्हाला तो भेटला फक्त इंदिरानगरच्या आपल्या शोभेच्या माशांच्या गाळ्यात, टाकीत मीठ कालवून केलेल्या समुद्रात. मला आता तो त्याच्या घरी दिसतो. प्रवाळाच्या तुकड्यांच्या ढिगावर दिवसभर टोच मारत फिरतो. थबकतो, निरखतो, डोळ्यांना जेमतेम दिसणारा एखादा जिवंत किडा टिपतो आणि पुढे सरकतो. अंगावर खवले नाहीत, कडू बुळबुळीत थर आहे, म्हणून मोठे मासे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. त्याला भीती आहे ती उपासमारीची. अंधारून यायला लागलं की नर-मादी अंगाला अंग लावून ढिगातून वर तरंगत येतात, पाण्यात अंडी सोडतात आणि निमिषात खाली पसार होतात. अंड्यांकडे पुन्हा वळूनही बघत नाहीत. हे तुम्ही पाहायला हवं होतं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, शेजारी आई अशी पडलेली असताना मी हे काय बघत बसलेय.

हा मासा तुम्ही कुणालाही देत नव्हता. आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी. टाकी किती जुनी? दिवे घालवून काचेवर टॉर्च मारला की पांढरे ठिपके, त्याचं जिवंत खाणं, पळताना दिसतात का? नसतील तर सहा महिन्यांनी या. एकजण वैतागून म्हणाला होता, “काका, मासा विकताय की पोरगी देताय?” तुम्ही जाळी धूत म्हणालात, “पोरगी उपाशी राहिली तर माहेरी फोन तरी करेल.” मी काउंटरमागे कॉलेजची जर्नल पुरी करत होते, फिस्सकन हसले. मग तुम्ही मला टाकीजवळ बोलावलंत. “रंग बघू नकोस. रंग मरेपर्यंत असाच राहतो. डोक्याच्या मागं बघ, पोट बघ.”

दिवाळीत आईला नवी साडी नेसवली, गजरा माळला. येणारा जाणारा म्हणत होता, काकू काय छान दिसतायत. मलाही बरं वाटत होतं. बरगड्यांखालचा खड्डा मला नंतर दिसला, तिला अंघोळ घालताना.

तुमचे नियम खोटं बोलून चुकवणारेही होते. त्यातला एकजण मासा परत घेऊन आला. “खातच नाही हो हा. दुसरा द्या.” तुम्ही तो ठेवून घेतलात. उलट्या बाटलीत, बल्बच्या उबेला, कोळंबीची बारीक पिल्लं उबवलीत आणि ड्रॉपरने त्या माशाच्या तोंडापुढे थेंब थेंब सोडत राहिलात. मासा बघायचा आणि वळायचा. पुढे तो एका अंगावर आडवा झाला, रंग तसाच झळझळीत. तरी तुमचा ड्रॉपर चालूच. मी म्हटलं, “नाना, पुरे आता. हाल होतायत त्याचे.” तुम्ही मान वर न करता म्हणालात, “तू घरी जा.” मी गेले. ती माया होती की हट्ट, हे मी तुम्हाला तेव्हा विचारलं नाही, आणि पुढं तुम्ही एका दुपारी गाळ्यातच गेलात. आजारपण नाही, निरोप नाही. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्याचा फोन आला.

“ताई, उपाशी मारणारेस का तिला?”

“मग हात बांधू तिचे?”

“बांध. पोटात काहीतरी जाईल ना.” त्याचा आवाज फुटला. “तू दमलीयेस, म्हणून तुला नको वाटतंय सगळं.”

तेच मी स्वतःला दिवसभर विचारत होते. त्याच्या तोंडून ते ऐकवेना. मी म्हटलं, “नाना असते तर त्यांनी नळी घालू दिली नसती.”

त्याने नाक शिंकरलं. मग म्हणाला, “नानांचं असं मत होतं?”

“हो.”

“मग तसंच कर.”

मी डॉक्टरांना नको म्हणून कळवलं. आता आईचे ओठ ओल्या कापसाने पुसते. हात मोकळे आहेत तिचे. मधूनच ती चादरीची कड चाचपत बसते.

हे कागद त्याच्या हाती पडू देणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तर ते पोचायचेच नाहीत. म्हणून लिहून टाकते. तुम्ही काय म्हणाला असतात, मला माहीत नाही, नाना. माझा शब्द त्याने मानला नसता, तुमचा मानेल, एवढंच मला माहीत होतं.