दोघींनी वाचायचं

९ जून

नाही म्हणजे नाही! दोघींनी वाचल्याशिवाय केमोची पिशवी मी लावणार नाही. मनगटाच्या पट्टीवरचं नाव, पिशवीवरचं नाव, औषध, मात्रा — आधी एकीने वाचायचं, मग दुसरीने स्वतःच्या डोळ्यांनी. मेट्रनबाई म्हणतात, "गर्दी वाढलीय. तुमच्यासारख्या जुन्या सिस्टरनी एकटीने लावलं तरी चालेल."

मला नाही चालणार. तोंडावर सांगितलं.

१० जून

माझ्या जोडीला ती सिस्टर, जिला मी एक्सप्रेस म्हणते. हात धावतात, जीभ त्याहून जोरात. पिशवीकडे न बघताच सहीला पेन काढते! "तू वाचलंस ना? मग देवाने वाचल्यासारखंच गं."

"देवाची ड्यूटी नाहीये आज. वाच."

वाचलं. नाक मुरडत.

केमो घ्यायला मास्तर आले होते. शाळेतून निवृत्त झालेत, पण सवय सुटत नाही. खिडकीची खुर्ची कायमची त्यांची. नाव विचारलं की हात वर — "हजर!" मी म्हणते, "नाव सांगा, नाहीतर गैरहजेरी लावीन." मग वडिलांच्या नावासकट खणखणीत सांगतात.

१२ जून

मेट्रनबाईंच्या केबिनमध्ये बोलावणं. "तुमच्या वाचनापायी बाहेर लोक ताटकळतात."

"ताटकळलेला माणूस संध्याकाळी घरी जातो, मॅडम. शिरेत गेलेलं औषध मागे घेता येत नाही."

"ऐकायचं नसेल तर स्टोअरला जा. हातमोजे मोजत बसा."

घरी आईही त्यांच्याच बाजूची! "तिथे तूच एकटी शहाणी का? जरा पडतं घे." रागाने ताट सरकवलं. मग ओढून घेतलं — उपाशीपोटी भांडता येत नाही.

१३ जून

हातमोजे मोजीन. एकटीने लावणार नाही.

१६ जून

स्टोअरचा हुकूम अजून नाही. तोवर माझंच राज्य! सकाळी औषधांचे ट्रे खुर्च्यांच्या क्रमाने लावले. एक्सप्रेस आज न सांगता वाचायला उभी राहिली. मी चकित. "बघतेस काय? तुझी कटकट ऐकण्यापेक्षा वाचलेलं बरं!"

एका आजोबांच्या हाताला जळजळायला लागलं. तिथल्या तिथे औषध थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं. वेळ गेला. जाऊ दे! मेट्रनबाई दारात उभ्या राहून घड्याळ बघत होत्या. मीही त्यांच्याकडे बघितलं. नजर झुकवली नाही.

१७ जून

मास्तरांनी आज खिडकीची खुर्ची एका नव्या बाईंना दिली, आपण दाराजवळ बसले. ट्रे बसल्या खुर्च्यांप्रमाणेच लावलेले होते, मी मात्र सवयीने खिडकीचाच ट्रे उचलून मास्तरांकडे नेला. नाव विचारलं. "हजर!" मला हसू आलं. पुढे विचारलंच नाही. पिशवीवरचं नाव वाचलं — मास्तरांचंच वाचलं, असं अजूनही वाटतंय. तिथे ते नव्हतं.

एक्सप्रेसने पट्टी बघितली, पिशवी बघितली. "थांब."

पिशवी त्या बाईंची होती.

मेट्रनबाईंकडे मीच गेले. सगळं सांगितलं. म्हटलं, "आता मला खुशाल स्टोअरला पाठवा. पण एक्सप्रेसला एकटी ठेवू नका."