पाटावरची देवी

सांगली,
ता. ३ जानेवारी १९७५

तीर्थरूप आप्पांना विजयमालाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र पोचले. आधी हसू आले, मग अंगाचा तिळपापड झाला. नाथाजीरावांच्या चित्रशाळेत मी शाळांसाठी हलत्या चित्रांची मालिका काढते, हे तुम्ही चारचौघांत मिरवता. त्या मालिकेतल्या डोंगरदेवीला मी आपल्या धाकट्या हरणाचा चेहरा दिला, कारण तेरा वर्षांची दुसरी पोर मला इतकी जवळून ठाऊक नव्हती. देवांची पापणी लवत नाही, त्यांची सावली पडत नाही, असे कीर्तनात ऐकले होते, म्हणून पहिल्या भागांत तशीच काढली. त्या चित्रांचा पडदा आपल्या देवळापुढे लागला आणि गाव माझ्या धाकट्या बहिणीच्या पाया पडू लागले! राहीबाई आत्या तिला दर मंगळवारी पाटावर बसवून अंगारा वाटायला लावतात, आणि तुम्ही तिची शाळा बंद करता? आप्पा, तुम्ही पलटणीत सुभेदार होता. तिथे कुणी असे सांगितले असते तर त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

चेहरा मी दिला, तर निस्तरणेही माझ्याकडे. पुढच्या भागांत देवीला डोंगरावरून खाली उतरवते. तिची पापणी लवेल, पायाखाली सावली पडेल, काटा रुतेल, ती रडेल. देवपण सोडून माणूस होणे, हीच माझ्या देवीची वाढ. नाथाजीराव म्हणतात, शेवटी तिला देव्हाऱ्यात बसवा, लोकांना तेच आवडते. मी म्हटले, मग दुसरा चित्रकार बघा. अजून दुसरा मिळालेला नाही.

हरणाला शाळेत पाठवा. आत्यांना राग आला तर माझ्या नावावर खपवा. तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,

विजयमाला

*

कोरेगाव तालुका,
ता. १८ मार्च १९७५

चि. विजयमालास अनेक आशीर्वाद.

लेकीने बापाला दटावायचे दिवस आले, हे बरे झाले की वाईट, मला ठरवता येत नाही. तुझे नवे भाग परवा गावात दाखवले. देवीच्या पायात काटा रुतला तेव्हा सगळे गाव हळहळले, आणि सकाळी बाया हळद-तूप घेऊन हरणाच्या पायाला लावायला आल्या. देवी रडली तर म्हणतात, आई आपल्यासाठी रडते. आता मलकापूरहूनही माणसे येऊ लागली आहेत. तू गाव सुधारायला निघालीस, पण गावाने तुझी देवी आपल्या सोयीने वळवून घेतली.

मी गोळीला भ्यालो नाही, पण देवीच्या कोपाला भितो, हे तुला सांगायला लाज कसली? राहीबाई म्हणते, आलेली आई घालवू नये. तुझी आई असती तर तिने काय केले असते कोण जाणे. तूर्त तू तुझ्या देवीला गुमान देव्हाऱ्यात बसव. नोकरी राहील आणि घरात शांतताही.

प्रकृतीस जप. आशीर्वाद आहेतच.

हंबीरराव

*

सांगली,
ता. २ एप्रिल १९७५

चि. हरणास अनेक आशीर्वाद.

आप्पांचे पत्र आले. मी शेवटचा भाग पुरा केला, आणि देव्हारा काढला नाही तो नाहीच. माझी देवी बाजारात उभी राहून कांदा-भाकरी खाते, तिथे मालिका संपते. नाथाजीराव आठवडाभर धुसफुसले, पण नोकरी राहिली.

पण बये, कागदावरची पोर मी हाताने उतरवली. तुला मी उतरवू शकत नाही, आप्पाही नाहीत. गाव मोठे आहे आणि तू एकटी आहेस, हे मला ठाऊक आहे. तरीही पाय तुझे आहेत. मला रडू येते आहे, म्हणून इथेच थांबते. तुझी आठवण काढत राहणारी,

ताई

*

ता. २४ जून १९७५

ती. ताईस हरणाचा नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलं होतं. दोन आठवड्यांमागं मनुबाईनं तापानं फणफणलेली नात माझ्या पायाशी ठेवली आणि अंगारा मागितला. पोरीला हात लावला तर चटका बसला. मी म्हटलं, दवाखान्यात न्या. तर आत्या म्हणाली, आई परीक्षा बघतीया. ताई, मला लय राग आला. पाटावरून उठले, पोर काखेत घेतली आणि चालायला लागले. मागून बाया उदो उदो करत आल्या. गाडी आप्पांनीच जुंपली. कोरेगावच्या डॉक्टरांनी सुई दिली, पोरगी ठेवून घेतली आणि ती वाचली.

परत आले तर आईनं पोर वाचवली म्हणून गावात नारळ फुटत होते. मी देवळाच्या पायरीवर उभी राहिले. सगळ्यांना सांगितलं, पोरगी सुईनं वाचली, अंगाऱ्यावर राहिली असती तर मेली असती. मी आई न्हाई, सुभेदारांची हरणा हाय. आत्या म्हणाली, कोप होईल. मी म्हटलं, होऊ दे, मी सातवीच्या वर्गात खिडकीजवळ सापडेन. आप्पांनी मग सगळ्यांदेखत मला नवी पाटी-पुस्तकं आणायला पैसे दिले.

आज मंगळवार. शाळेतून आले तर बाया बसलेल्याच. आत्यानं रिकाम्या पाटाला हार घातला होता, आणि सगळ्या ओळीनं त्याच्याच पाया पडत होत्या. माझ्याकडं बघून आत्यानं डोळे वटारले. मी म्हटलं, बसू द्या त्यालाच, त्याला कुठं शाळा हाय.

गणितं राहिलीत, म्हणून पुरे करते. माया हाय तशी राहू दे.

तुझी हरणा,
इयत्ता सातवी