ब्लुदिचकेचा डावा पंख

९ मार्च

आजही नाही! न्याहारीनंतर त्याची खुर्ची टेबलापाशी ओढून ठेवली, दिवा लावला, पट्टी-कात्री मांडली. बोहुमिल आला, क्षणभर उभा राहिला, दिवा बंद केला आणि खिडकीत जाऊन बसला. खालून जाणाऱ्या ट्रॅम बघत.

जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला. उजवा हात मात्र मांडीवर पडून असतो, कुणी विसरून गेल्यासारखा. शब्द एकेक येतात, आणि मधेच भलताच. परवा मीठ हवं होतं तर "टोपी" म्हणाला. मी मुकाट्यानं टोपी आणून दिली. त्यानं ती घातली आणि अळणी सूप संपवलं. हट्टी!

तीस वर्षं आम्हा नवराबायकोचं असं चाललंय – कापून जोडायच्या कागदी नमुन्यांची आखणी तो करतो, कापते मी. किल्ले, इंजिनं, विमानं. मुलांसाठी, आणि मोठं व्हायला विसरलेल्या बाप्यांसाठी. रंगीत छपाईच्या आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर पहिला नमुना जोडून बघायचा, ते काम माझं. जो काढतो त्यानं पहिला नमुना जोडायचा नाही, हा या धंद्यातला नियमच आहे. आपली चूक आपला हात सांभाळून घेतो. मी जोडायची, नावं ठेवायची, मग आमचं भांडण, मग तो पुन्हा काढायचा.

भांडण करून किती दिवस झाले.

१२ मार्च

रादोवानचा फोन. प्रकाशक असूनही माणूस बरा आहे. आधी तब्येत विचारली, मग हवापाणी, मग आमचं मांजर. मांजर मरून चार वर्षं झाली! तेव्हाच ओळखलं, याला काहीतरी अवघड बोलायचंय.

"मीलाबाई, ब्लुदिचका यंदा काढणार म्हणून जाहीर करून बसलोय. लोक विचारतात हो. ऑस्ट्रावा शहरात एक पोरगा आहे, हुशार आहे. शेपूट आणि पोट बोहुमिलचं झालंय ना? नाक आणि पंख तो करेल. नावं दोघांची घालू."

ब्लुदिचका म्हणजे आम्ही शाळेत असताना टीव्हीवर लागायच्या त्या अंतराळ-मालिकेतलं यान. नाक कांद्यासारखं, आणि पंख एकच, डावीकडे. उजवा म्हणे चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी पायाखाली चिरडला, मग तसंच उडवलं. आमच्या वयाच्या सगळ्यांचा त्या वेड्याबागड्या यानावर जीव आहे. बोहुमिल दोन वर्षं त्याची जुनी छायाचित्रं जमवत होता.

त्याला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. रात्री जेवला नाही. माझ्या हातचे प्लम घातलेले गोळे त्यानं आजवर कधी सोडले नव्हते.

मी रादोवानला उलट फोन लावला. "त्या पोराला थांबायला सांगा. उरलेलं इथंच होईल."

"कोण करणार?"

"इथंच होईल म्हटलं ना!"

"मेअखेर, मीलाबाई. त्यापुढे माझाही इलाज नाही."

१३ मार्च

काय बोलून बसले मी!

१९ मार्च

त्याच्या खुर्चीत बसले. त्याचा संगणक उघडला. माझी बोटं कागद ओळखतात. कागद व्हायच्या आधीचं काही ओळखत नाहीत. एक रेघ सरळ करण्यात सकाळ गेली.

खरी डोकेदुखी म्हणजे नाक. कांदा सगळीकडून फुगतो, कागद एकाच दिशेनं वाकतो. म्हणून पाकळ्या पाडायच्या आणि शेजारी शेजारी चिकटवायच्या. मी असल्या हजारो पाकळ्या कापल्यात, पण त्यांची कड नेमकी किती वळवायची हे कधी विचारलंच नव्हतं. पहिलं नाक कांदा न होता ठोकर खाल्लेलं लिंबू झालं.

शार्काचा ब्रनोहून फोन. आमची लेक, दिवसभर लोकांना सल्ले देण्याचीच नोकरी करते. "आई, तू बाबांचे व्यायाम करून घेतेस की यान बांधतेस?"

"दोन्ही."

"त्यांच्या खुर्चीत बसतेस म्हणे. बाबांना काय वाटत असेल?"

"रिकामी खुर्ची बघून मला काय वाटतं, ते नाही विचारलंस!"

ती म्हणाली, व्यायाम चुकवू नकोस. मी म्हटलं, बरं.

२८ मार्च

नाक जमलं! पाकळ्या दुप्पट केल्या आणि टोकाशी छोटी टोपी बसवली. तळहातावर घेऊन त्याच्याकडे धावत गेले, अगदी शाळेतल्या पोरीसारखी.

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नको."

शब्द बरोबर होता. आज नेमका बरोबर यायचा होता!

मला कळलं त्याला काय वाटतंय ते. माणूस गेल्यावर त्याची राहिलेली कामं घरचे उरकतात, तशी मी त्याचं उरकतेय. मी ओरडले, "मी तुझी जागा घेत नाहीये, राखतेय! कळतंय का?" त्यानं आइस हॉकी लावली आणि आवाज वाढवला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग राग आला. मग बटाटे सोलले.

५ एप्रिल

पंख.

११ एप्रिल

अजून पंखच.

२२ एप्रिल

सगळे भाग तयार. पांढरा नमुना जोडायची वेळ आली. जोडणार कोण? बोहुमिलपुढे कागद ठेवला, त्यानं डाव्या हातानं हळूच माझ्याकडे सरकवला. शार्काला बोलवावं तर ती गोंदाच्या बाटलीवरच चिडते. शेवटी मीच जोडला, नियम मोडून.

आणि काय सुरेख बसला म्हणून सांगू! गोंद लावायची एक कानपट्टी वाकडी नाही. पंख पोटाला असा भिडला, जसा काही तिथंच उगवला होता. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही म्हणून, नाहीतर शाबासकी दिली असती. संगणकावरच रंग चढवून रादोवानला धाडून दिलं.

१५ मे

काळा दिवस. थांब, आधी नीट लिहू दे.

छापखान्यातून रंगीत नमुना आला. रंग झकास – राखाडी पोट, लाल पट्टे, पंखावर गोल खिडक्यांची रांग. बोहुमिल समोर हॉकी बघत होता. मी पंखापासून सुरुवात केली. कापला, घडीच्या रेघा दाबल्या, कडांचा पांढरेपणा झाकायला रंग फिरवला, वाकवला. खिडक्या आत! लाल पट्टे आत! बाहेर नुसता कोरा कागद. दुसरा भाग – तोही तसाच. पंखाचे झाडून सगळे भाग मी उलटे काढले होते, आतून पाहावेत तसे.

पांढऱ्या कागदाला सुलटं-उलटं कुठे असतं? दोन्ही बाजू सारख्याच. जोडताना हाताला ठाऊक होतं पंख कुठे वळतो, त्यानं प्रत्येक भाग आपला आपण पालथा करून लावला आणि मला पत्ताही लागू दिला नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्याच भागाला अडला असता. याचसाठी तो नियम! आणि तीस वर्षं तो नियम बोहुमिलला ऐकवणारी कोण, तर मी!

मी पंख हातात धरून बसून राहिले. मेअखेरीला किती वेळ उरलाय, विचारही करवेना.

तेवढ्यात चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं, पुन्हा झटका! धावले. तो हसत होता! अर्ध्याच तोंडानं, डोळ्यांतून पाणी, खांदे गदगदताहेत. डावं बोट माझ्या हातातल्या पंखाकडे.

"प्रवासी," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधला. "आत... बघणार... काय?"

"हस, हस मेल्या!" मी म्हटलं, आणि मलाही हसू आवरेना. जानेवारीनंतर या घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

१६ मे

सकाळी पंख पुन्हा काढायला बसले. मागे खिडकीतली खुर्ची सरकल्याचा आवाज. लगेच वळले नाही, जरा वेळानं पाहिलं.

मी कापायला बसते त्या माझ्या स्टुलावर तो बसला होता. कपाटातून जुनी लोखंडी इस्त्री काढून आणलेली. कागदावर इस्त्री ठेवली – झाला उजवा हात! डाव्यात कात्री. आणि प्रत्येक कागदाच्या सुलट्या बाजूला आधी पेन्सिलीनं फुली. फुली मारताना माझ्याकडे बघायचा, लबाड!

पहिली पाकळी उंदरानं कुरतडल्यासारखी निघाली. मी काही बोलले नाही. तो बोलला, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिवी मात्र एकही चुकली नाही.

२१ मे

"जाड!" बोहुमिल म्हणाला – दोन भाग जोडणारी आतली कडी बाहेरच्या कडीत जात नाही. कागदालाही जाडी असते, ती मी धरलीच नव्हती.

"कुठेय जाड? तूच आडमुठ्यासारखा दाबतोस."

"जाड!"

मोजलं. जाड होती. मेला बरोबर निघाला. दिवसभर भांडलो, सूप करपलं. किती छान दिवस!

३० मे

ब्लुदिचका संपली. त्याच्या डाव्या हातानं जोडलेली, नाक किंचित तिरकं, डावा पंख सुलटा. कागद रादोवानकडे गेले. शार्का येऊन बाबांच्या गळ्यात पडली आणि मला म्हणाली, "व्यायाम करून घेतलेस म्हणायचे!"

खुर्ची पुसून ठेवली. संगणकावरची माझी रंगीत चिकटपत्रं काढली. तो आता टेबलाशी येतो, बोटं चालतात, शब्द येतात. लवकरच आपल्या जागी बसेल. हेच तर हवं होतं. मी माझ्या स्टुलावर परत जायला तयार आहे. अगदी तयार आहे.

असं दोनदा लिहावं लागलं खरं.

४ जून

माझे हात कणकेत, आणि फोन वाजला. बोहुमिलनं उचलला! जानेवारीपासून त्यानं फोनला हात लावला नव्हता. रादोवान, ब्लुदिचका छापायला गेली हे सांगायला. मग बहुतेक त्यानं विचारलं, पुढचं काय काढणार. मी दारात थांबून ऐकत होते.

"मी नाही. मीला काढते," तो म्हणाला. सावकाश, एकही शब्द न चुकता. "मी कापतो."

आणि फोन माझ्यापुढे धरला. "काय काढताय, मीलाबाई?" रादोवान विचारत होता. विचार करते म्हणणार होते. तोंडातून निघालं – "दीपगृह. आतल्या जिन्यासकट."