लष्करप्रमुखांनी फिरवलेला नळ

आई,

तुला वाचायला जेमतेमच यायचं. तू असतीस तरी हे मीच तुला वाचून दाखवलं असतं आणि मधला भाग गुपचूप गाळला असता. आज गाळत नाही. मला लाज वाटतेय, सरळ सांगते, आणि ती सांगायला तुझ्याशिवाय कोणी आठवलं नाही.

छावणीतलं आपलं क्वार्टर आठवतं? तेलीबागेकडच्या टोकाची ती फॅमिली लाईन, ओळीने खोल्या, आणि सगळ्यांत मिळून एक नळ. मी नववीत होते. लष्करप्रमुख लखनऊला येणार, आणि या वेळी बायकामुलांची लाईनही बघणार, असा निरोप आला होता. शाळेत त्यांच्यावरच भाषण करायचं होतं, म्हणून संध्याकाळी स्वयंपाकघरात बाबा मला सांगत बसले. सुभेदार माणूस, हा विषय म्हणजे त्यांच्या जिव्हाळ्याचा. गोऱ्यांच्या काळी कमांडर-इन-चीफ असायचा, व्हाइसरॉयच्या खालोखाल त्याचा थाट. देश स्वतंत्र झाला तरी सुरुवातीला त्या खुर्चीत गोराच बसलेला होता, मग आपला माणूस आला. पुढे ते नावच गेलं. भूदल, आरमार, हवाई दल, तिघांचे तीन प्रमुख झाले आणि सगळ्यांच्या वर राष्ट्रपती. तू भाकरी थापत होतीस. थापता थापता विचारलंस, "म्हंजे हा राजा नोहे?" बाबा हसले. "राजा कसला! सरकारने नेमलेला माणूस. मुदत संपली की पेटी उचलून घरी. सरकारचा हुकूम त्यालाही ऐकावा लागतो. आपल्या शेजारच्या देशांत बघ, सेनापती उठतो आणि गादीवर बसतो. इथे घटना आहे." "आन् सरकार कोन नेमते?" "आपणच की. मत देऊन येतेस ना?" तू तव्याकडे वळलीस. भाकरी उलटलीस. त्या वेळी तुझ्या डोक्यात काय शिजत होतं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लाईनीत चुना-गेरूची धांदल. झाडांच्या बुंध्यांना चुना, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, आणि नळाच्या खांबाला गेरू. त्या नळाला महिनोन्महिने पाणी नव्हतं. तुम्ही बाया पार मोठ्या रस्त्यापलीकडून बादल्या आणायच्या, आणि त्या उन्हाळ्यात तिथल्याच पाण्याने शेजारच्या भाभीचा बाळू काविळीने जायचा वाचला होता. बाबांनी तुम्हा सगळ्यांना अंगणात उभं करून तालीमही घेतली. आपलं लाटणं काखेत धरून बाबा स्वतः लष्करप्रमुख झाले, ऐटीत चालत प्रत्येकीपुढे थांबले. "कोई तकलीफ?" "नहीं साहब, सब ठीक है." तूसुद्धा म्हणालीस. मी तर हसून हसून लोळले. ही रीतच होती ना आई, साहेबाने विचारायचं आणि आपण ठीक म्हणायचं. विचारण्याला कोणी प्रश्न समजतच नसे.

आणि ते आले. मी तुझ्या शेजारी उभी आहे, अमीनाबादहून आणलेला तो निळा फ्रॉक घालून. मागे अफसरांची रांग, रांगेच्या टोकाला आपले बाबा, मान ताठ. लष्करप्रमुख तुझ्यापुढे थांबतात. "कैसी हैं बहनजी? कोई तकलीफ?" आणि तू डोक्यावरचा पदर नीट करून, तुझ्या त्या अर्ध्या वऱ्हाडी हिंदीत म्हणतेस, "नल को रंग दिया साहेब, पानी नहीं आता." धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. काय ती हिंदी, काय ते बोलणं! मागे कोणीतरी खाकरलं. लष्करप्रमुख सरळ नळापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने तो फिरवला. नळातून नुसती हवा निघाली. नळावरही सकाळीच फासलेल्या ओल्या गेरूने त्यांचा पंजा लाल झाला. त्यांनी रुमालाला हात पुसला, मागे वळून अफसरांकडे एकदा पाहिलं आणि पुढे चालायला लागले.

तीन दिवसांत पाणी आलं. बाबा मात्र महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाहीत. "साऱ्या लाईनीत तूच एक तोंडाळ निघालीस. माझं नाक कापलंस." तू म्हणालीस, "तुमीच त सांगतलं, तो नोकर हाय म्हून. नोकराले सांगाले काऊन भ्यायचं?" बाबा आणखीच ओरडले. शेजारणी नळावर रोज पाणी भरायच्या आणि तुझ्याशी बोलायच्या नाहीत. तू एकटी बादली भरायचीस आणि येताना गुणगुणायचीस. मला तेव्हा तुझा राग यायचा. मोठी झाल्यावर मात्र मी हा किस्सा चारचौघांत मिरवायला लागले. माझ्या आईने चीफला ऐकवलं, हाँ, अशी आमची आई!

परवा अलीगंजच्या आमच्या एका ऑफिसात तपासणीला गेले होते. आता मी मोठी साहेबीण आहे. फाटकाला ताजा रंग, कुंड्या नव्या. सगळ्यांना हॉलमध्ये बसवून मी विचारलं, कोई दिक्कत? "नहीं मैडम, सब बढ़िया." चहा आला. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई उठली, पन्नाशीची असेल. "मैडम, लेडीज़ बाथरूम में कब से ताला पड़ा है. हम लोग सामने वालों के घर जाते हैं." आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? "आपका नाम?" तिने पूर्ण नाव सांगितलं, मान वर करून. शेजारी बसलेल्या मॅनेजरने ते टिपून घेतलं. मी घड्याळ पाहिलं, चहा संपवला आणि निघाले.

आज दुपारी कळलं, तिची बदली झाली, पार दुसऱ्या जिल्ह्यात. मी मॅनेजरला फोनवर विचारलं तर तो हसतच म्हणाला, "आपने नाम पूछा था न मैडम, हम समझ गए." मी म्हणायला हवं होतं, क्या समझ गए? मी म्हटलं, अच्छा. आणि फोन ठेवला.

आई, त्या माणसाने तुझं नाव विचारलं नव्हतं. त्याने नळ फिरवून पाहिला. मी त्या कुलपाला हात लावायचं सोड, त्या दारापर्यंतसुद्धा गेले नाही. तिची बदली एका फोनवर थांबेल, फोन इथे टेबलावरच आहे. दोनदा उचलला आणि ठेवला. मॅनेजरच्या वर कोण बसलंय, त्याचं कोणाशी सूत आहे, माझ्या बढतीचं काय, हेच सगळं डोक्यात येतंय. बाबा ओरडायचे तेव्हा त्यांच्याही डोक्यात हेच असणार. मी त्यांचीच पोर निघाले.

हे कुठे टाकायचं, तुझा पत्ता काय? ड्रॉवरमध्येच राहील. एक मात्र कबूल करते. माझी लेक तुझ्यासारखीच आहे, जे मनात तेच तोंडावर. पण ती हिंदीतच वाढली, अक्षरं तीच असली तरी मराठी तिला कळत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलंय. हिंदीत लिहिलं असतं तर तिच्या हाती लागलं असतं, आणि तिने पहिलं हेच विचारलं असतं, "मम्मी, फोन किया?"