जादा भाचा

मानवत, गुरुवार

आदरणीय पंडितमामा यांना भाचा नागेश याचा सविनय जयभीम.

इकडे आई, मनिषा, पोरं आणि मी मजेत आहोत. निदान जितके मोजता येतात तितके तरी मजेत आहोत (असं का लिहिलं ते पुढे येईलच). तुमची साखर कशी आहे, पाय कसा आहे, असं विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. खरं तर तुमच्या पायाची सगळी खबर मला आहे, आणि ती मला कशी काय आहे हीच या पत्राची अडचण आहे. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मी मंगळवारी फोन केला होता. तुम्ही उचलला आणि 'सकाळी बोलनं झालं की रं, आता परत कशाला' म्हणून ठेवून दिला. मामा, सकाळी मी तुमच्याशी बोललो नव्हतो. सकाळी मी दाढी करत होतो. खरं सांगायचं तर मामी गेली तेव्हा तिच्या पुण्यानुमोदनाला आलो होतो, त्यानंतर आपलं बोलणंच नाही. मेसेजही करत नाही, कारण कॉम्प्युटरवर जे लिहावं ते कुठंतरी साठतं आणि ते पुन्हा मलाच मोजावं लागतं. कागद कुणी मोजत नाही.

तर मूळ गोष्ट कामाची. आपल्या बियाण्याच्या कंपनीत (तुम्ही रिटायर झालात तरी मी आपलीच म्हणतो) निरोप आणि मीटिंगा एका अ‍ॅपवर चालतात आणि फायली दुसऱ्या अ‍ॅपवर राहतात. महिनाअखेरीला दोन्ही अ‍ॅपं आपापला रिपोर्ट देतात, की तुमच्या माणसांनी इतकी जागा भरली. हे दोन रिपोर्ट जुळले पाहिजेत असा पुण्याच्या हेड ऑफिसचा हुकूम आहे. ते आजवर कधी जुळलेले नाहीत. एकाच लग्नाचा खर्च दोन जावांना वेगवेगळा विचारावा, तशी गत. या वेळी हेमा मॅडमनी (शाखेच्या प्रमुख; बाई मनाने चांगली, फक्त आकडा बघितला की चेहरा बदलतो) ते काम माझ्या गळ्यात घातलं आणि फरक शून्यावर आल्याशिवाय तोंड दाखवू नका म्हणाल्या.

मी लागलो. आधी कळलं की फायलींचं अ‍ॅप कचरापेटीतलंही मोजतं, म्हणजे आपण टाकून दिलेलं त्याच्या लेखी टाकलेलं नसतं. मग कळलं की एका फायलीवर जितक्यांदा काम करावं तितक्या तिच्या जुन्या प्रती ते जपून ठेवतं (माणसानं एवढं जपलं असतं तर काय पाहिजे होतं). मेसेजमध्ये पाठवलेला एखाद्या कणसाचा फोटो दोन्हीकडे धरला जातो, तो वेगळाच घोळ. हे सगळं वजा करत गेलो तसा फरक कमी होत गेला आणि एका जागी येऊन थांबला. तिथून हलेना. उलट दुसऱ्या दिवशी पाहिलं तर थोडा वाढलेला. रविवारी ऑफिस बंद, सोमवारी वाढलेला. पोळ्याची सुट्टी, तरी वाढलेला. मामा, कुलूपबंद खोलीत ठेवलेलं धान्य रोज थोडं कमी झालं तर माणूस उंदीर म्हणतो. रोज थोडं वाढलं तर काय म्हणावं?

आपल्या घरात भूत, करणी, मुंजा हे मानत नाहीत. लहानपणी तुम्हीच आम्हा पोरांना अंधारात चिंचेखाली उभं करून हे शिकवलंत, आणि आम्ही रडायला लागलो तेव्हा 'भ्यायचं तर जित्या मानसाला भ्या' म्हणालात. म्हणून मी घाबरलो नाही. हाताला घाम आला, पण तो उकाड्याने. शोधलं तर ती वाढ तुमच्या खात्यात निघाली. रिटायर माणसाचं खातं बंद करायचं राहून गेलं होतं (ते काम माझंच, पण असो). आत पाहतो तर तुमच्या राणीसावरगावच्या डेपोची सकाळची मीटिंग, रोजची, रेकॉर्ड केलेली. मीटिंगचं अ‍ॅप ते रेकॉर्डिंग फायलींकडे ढकलून देतं आणि स्वतः मोजत नाही, म्हणून फरक. डेपो म्हणजे तुमच्या घराची पुढची खोली. कंपनीने तो बंद केला तेव्हा टेबल, खुर्च्या, वजनकाटा सगळं नेलं आणि भिंतीवरचा टॅबलेट तेवढा विसरली. तो रोज नऊला आपोआप डोळे उघडतो. इथपर्यंत समजण्यासारखं होतं. पण प्रत्येक मीटिंगला हजेरी दोघांची होती. पंडित हजर, नागेश हजर.

त्याचंही कारण सापडलं, उगाच घाबरू नका. इथे माडीवर पूर्वी मीटिंगची खोली होती. तिथला मोठा स्क्रीन मी माझ्या नावाने चालू करून ठेवला होता, आणि नंतर ती खोली पोत्यांनी भरली तरी तो बंद करायला पोत्यांमागे जाणार कोण? तेव्हा माझ्या नावाने रोज तो स्क्रीनच हजर राहत होता. मी हसलो आणि बघू तरी म्हणून एक रेकॉर्डिंग लावलं. तुम्ही बाजेवर बसलेले, हातात कपबशी. पाऊस किती झाला, मूग कसा आहे, कुणाची म्हैस व्याली, सगळं सांगत होता. माझ्या बाजूला काळा चौकोन आणि त्यावर माझं नाव. आवाज काहीच नाही. मग तुम्ही थांबलात. समोरच्याचं ऐकून घेताना माणूस मान जरा वाकडी करतो, तशी केलीत, आणि म्हणालात, 'न्हाई न्हाई, ते औषध बंद केलंय.' मी दुसरं लावलं, तिसरं लावलं. प्रत्येकात तुम्ही थांबता, ऐकता आणि उत्तर देता. एकदा तर पोट धरून हसलात. मी असं काय बोललो होतो?

आता आईचं ऐका. आई गल्लीभर सांगत फिरते की माझा नागेश रोज सकाळी मामाशी बोलतो, असा भाचा मिळायला नशीब लागतं. मला वाटायचं तुम्हीच तिला तसं सांगून मला सांभाळून घेताय, म्हणून मीही मान खाली घालून ऐकत होतो. पण गेल्या महिन्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही पाय वर करून टॅबलेटला दाखवता आणि म्हणता, 'तू म्हनलास म्हनून गंगाखेडला जाऊन आलो. डॉक्टर म्हनला, अजून अंगावर काढलं असतं तर अंगठा गेला असता.' मामा, मी हे म्हणालो नाही. मला तुमच्या अंगठ्याचं ठाऊकच नव्हतं. माझ्या नावाने तिथे जो कुणी बसतो त्याने तुमचा पाय वाचवला, आणि मला मनापासून लाज वाटली.

काल सकाळी मी स्वतः माडीवर गेलो. पोती सरकवली. स्क्रीनवर तुम्ही होता, खरेखुरे, आत्ताचे. स्क्रीनच्या कॅमेऱ्यापुढे अजून एक पोतं होतंच, तेव्हा मी तुम्हाला दिसत नव्हतो. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटायच्या आत तुम्ही म्हणालात, 'घेतली की गोळी. उपाशीपोटीच घेतली.' मग माझ्याकडे, म्हणजे मी उभा होतो त्याच्या जरा बाजूला बघून म्हणालात, 'तुज्या मागं कोन हुबं हाय रं?'

मी जिना कसा उतरलो ते विचारू नका. एक चप्पल अजून वर आहे. मॅडमना वाटलं साप निघाला, त्यांनी सर्पमित्राला बोलावलं, आणि तो दुपारपर्यंत पोती उलथत बसला.

उद्या महिनाअखेर. तुमचं खातं बंद करायचं, रेकॉर्डिंग पुसायचं आणि स्क्रीनची वायर काढायची, म्हणजे दोन्ही रिपोर्ट जुळतील आणि माझी नोकरी राहील. पण मग नऊ वाजता तुम्ही बाजेवर बसाल आणि समोर कुणी नसेल. हे माझ्याच्याने बघवणार नाही, म्हणून आधी कळवतो. उद्यापासून रोज नऊला मी मोबाईलवर फोन करीन. 'बोलनं झालं की' म्हणू नका. गोळीचं मी विचारीन, पायाचंही विचारीन. त्याच्याएवढं मला जमेल की नाही ठाऊक नाही, पण शिकेन. हे पत्र तुमच्या गावावरून जाणाऱ्या बियाण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. तुम्हाला पत्र मिळालं की कळवा.

तुमचा खरा भाचा
नागेश

ता.क. आईला यातलं काही बोलू नका. गल्लीत तिची मान वर आहे, ती तशीच राहू द्या. हे पत्र लिहायचं खरं कारण विचाराल तर हेच.

आणखी ता.क. काल गाडी सुटलीच नाही, म्हणून पत्र माझ्याजवळच राहिलं. आज उजाडताच येऊन मी तुमचं खातं बंद केलं, रेकॉर्डिंग कचरापेटीतूनसुद्धा पुसलं आणि स्क्रीनची वायर उपटली. दोन्ही रिपोर्ट शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले. मॅडम हसल्या (पहिल्यांदाच बघितलं). नऊला तुम्हाला फोन लावला, तो एंगेज. दहाला लावला, तरी एंगेज. मग आईचाच फोन आला. म्हणाली, 'मामाचा फोन आलता. आज तू लय येळ बोललास म्हने त्याच्याशी. मामीची आठवन काढून रडलास म्हने. बरं केलंस बाबा.' मामा, वायर माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. मी काही विचारणार नाही, वादही घालणार नाही. फक्त मी काय बोललो, तेवढं सविस्तर कळवा.