तिसरा हिसका

वाल्पाराइसो, २० मे १८६६

प्रिय तोमासा वहिनी,

तुम्ही आणि बाळ बरे असाल असे धरून लिहिते. इकडे थंडी पडू लागली. स्पॅनिश तोफांनी पाडलेल्या वखारी पुन्हा उभ्या राहताहेत. दादासाठी तुम्ही पाठवलेला बिहीचा मुरंबा काल पोचला. आईने बरणी उघडली नाही.

बाबांनी तुम्हाला कळवलेच आहे. मी आठ दिवस लिहायला बसते आणि उठते.

ती बोट तुम्ही पाहिली नाहीत. बंद लोखंडी पिंपच. आत नऊ माणसे हाताने दांडा फिरवून ती पाण्याखालून शत्रूच्या जहाजापर्यंत नेणार. बोट खाली जावी म्हणून आत पाणी घ्यायचा नळ दादाकडे. सिग्नलच्या दोराचे एक टोक आत त्याच्यापाशी, दुसरे वर तराफ्यावर माझ्या हातात. दोन हिसके म्हणजे ठीक. तीन म्हणजे साखळीने वर ओढा. हिसके आणि वेळ मी वहीत लिहायची. बाबांनी घरीच घोटून घेतलेले माझे अक्षर चांगले, म्हणून हे काम.

पहिल्या चाचणीत मी दोन हिसक्यांवरच घाबरून ओरडले. बोट वर आली. दादा डोके बाहेर काढून म्हणाला, "काय गं भित्रे! आत आम्ही गाणी म्हणत होतो. हिला घरी विणकामाला बसवा रे!" सगळे हसले. मीही.

त्या दिवशी नऊ चाळीसला दोन हिसके आले. वहिनी, तिसराही आला. बारीक, लाटेने ओढावा तसा. मला ते हसू आठवले. बाबांचे शब्दही: "नक्की कळलं तेच लिही, वाटलं ते नको."

म्हातारे क्विन्तिनकाका साखळीपाशी होते. "ओढायचं का, पोरी?"

"नको," मी म्हटले. लिहिले, "दोन. ठीक."

दहा मिनिटांनी दोर सैल पडला. साखळी ओढली, ती तुटून रिकामी वर आली.

चौकशीत माझी वही वाचली. 'ठीक' कळवल्यावर बोट बुडाली, म्हणजे नळवाल्याची हयगय, असे ठरत आले आहे. प्रार्थनेला आईशेजारी आता कोणी बसत नाही. बाबा सगळ्यांना सांगतात, "माझ्या मुलीची वही खोटं बोलत नाही." मी मान खाली घालून ऐकते.

उद्या बंदराच्या कचेरीत जाऊन तिसरा हिसका सांगणार आहे. बाबांना आज रात्री सांगेन. पण सर्वांआधी तुम्हाला कळायला हवे होते.

बाळ मोठे झाल्यावर विचारील, माझ्या बाबांनी बोटीतून हाक मारली नव्हती का? मारली होती, म्हणून सांगा. कोणाला, तेही सांगा.

अजून म्हणू देणार असाल तर, तुमची नणंद,
दोमितिला