हेल्मेटमधला लाल दिवा

प्रिय डेला,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत, तुझी आई, कुत्रा आणि मी, याच क्रमाने. तू म्हणशील, फोनवर चार ओळी टाइप करायच्या सोडून हा म्हातारा कागद का काळे करतोय? त्याला कारण आहे आणि ते शेवटच्या पानावर आहे. ऑगस्टमध्ये तुझ्याबरोबर आठ दिवस डोंगरात मोटरसायकल चालवायला तू मला बोलावलंस आणि मी तीन आठवडे त्याचं उत्तर दिलं नाही. तेही तिथेच आहे. कृपा करून आधी पान उलटू नकोस. लहानपणी प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकाचा शेवट तू आधी वाचायचीस, म्हणून बजावतोय. मी लिहितोय त्या क्रमाने वाच, कारण शेवटचं वाचल्यावर तू माझ्यावर खूश असशील की नाही याची मला खात्री नाही.

आधी बातमी. गेल्या शनिवारी मी एका दिवसात हजार मैल केले! मोजून सांगायचं तर एक हजार अठरा, अठरा तास चाळीस मिनिटांत, आणि तेही वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. पुराव्यासाठी पेट्रोलच्या सगळ्या पावत्या वेळेसकट जपून ठेवल्यात. निघताना साक्षीदार म्हणून दुकानदार वेंडेलने सही केली, परतल्यावर तुझ्या आईने, नाइटगाउनमध्ये, जांभया देत. सत्ताविसाव्या वर्षी तू हे केलंस आणि मला फोटो पाठवलास तेव्हा मी उत्तरात फक्त ‘बरं’ असं लिहिलं होतं. परवा घरी पोचून गाडीवरून उतरलो तेव्हा पाय माझे आहेत की कुणी उसने दिलेत ते कळत नव्हतं, आणि मला ते ‘बरं’ आठवलं. डेला, मी गाढव होतो.

आता त्या डिटेक्टरची कथा ऐक. एकतीस वर्षं हायवे पोलिसात घालवलेला माणूस रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारगनचा सुगावा लागताच ओरडणारी डबी, विकत घेतो, यावर गावात अजून हशा चाललाय. ज्या डबीने माझी निम्मी शिकार पळवली, तीच घ्यायला मी वेंडेल क्रुपिचकाच्या दुकानात गेलो. त्याला मी तीन वेळा वेगासाठी पकडलंय, त्यातल्या एका वेळी तो स्वतःच्या लग्नाला निघाला होता. मला दारात बघून तो मोठ्याने म्हणाला, “काय साहेब, आज गणवेश घरी विसरलात?” मी काय हवं ते सांगितलं तर काउंटरवर डोकं टेकून हसायला लागला. म्हणाला, “बायकोला फोन लावतो थांबा, नाहीतर ती म्हणेल मी प्यायलोय.” मी म्हटलं, “हसून झालं की माल दाखव.”

माल मात्र मी असा तपासला की तो हसायचं विसरला. रडारच्या पलीकडच्या टोकाला मी जन्म काढलाय, मला कोण काय शिकवणार? सगळ्यात स्वस्त डबी सुपरमार्केटच्या सरकत्या दाराला बघून ओरडते, शेजारच्या नव्या मोटारीला बघूनही ओरडते. सारखं लांडगा आला म्हणणाऱ्याचं पुढे कुणी ऐकत नाही, ती बाजूला ठेवली. दुसरी छान होती, पण उन्हात तिच्यावरचे आकडे दिसेनात, आणि पावसात तिला प्लास्टिकची पिशवी घालावी लागली असती. तिसरीवर बाण होते. रडार पुढून येतंय, बाजूने की मागून, ते बाण दाखवतो. वेंडेल म्हणाला, “साहेब, मागच्या बाणाचे कशाला पैसे घालवता? मागून येणारा पोलीस तसाही सायरन वाजवतोच की.” मी म्हटलं, मला बाण हवाय. खरं कारण सांगायची लाज वाटली. सायरन वाजवणाऱ्या गाडीत मी एकतीस वर्षं बसलो, त्यापायी आता सायरनच ऐकू येईनासा झालाय. कानातली यंत्रं हेल्मेटखाली शिट्ट्या मारतात, म्हणून ती काढून खिशात ठेवावी लागतात. गाडीवर चढलो की मी ठार बहिरा.

आणि बघ, एवढी पारख करून आणलेली डबी पहिल्याच दिवशी निकामी ठरली! हँडलवर बसवली, बॅटरीतून वायर ओढली, फाट्यापर्यंत जाऊन आलो. तिचं ओरडणं मला ऐकू येईना आणि नजर रस्त्यावर असल्यामुळे तिचा उजेड दिसेना. चिडून मी तुला मेसेज केला की ही वस्तू परत करतोय. पाच दिवसांनी टपालाने तुझं पुडकं आलं. तुझा स्वतःचा जुना लाल दिवा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि सोबत चिठ्ठी: “बाबा, हा हेल्मेटच्या काचेच्या वरच्या कडेला चिकटव. डबी ओरडली की हा लुकलुकेल. कानांचं लोक उगाच कौतुक करतात.” ती चिठ्ठी मी खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवलीय. तुझी आई म्हणते की मी ती दिवसातून दोनदा काढून वाचतो. एकदाच वाचतो.

शनिवारी उजाडताच निघालो. पहिले साठ मैल आपल्या दुपदरी रस्त्याचे, दोन्हीकडे मका गुडघाभर. डबी गप्प, दिवा गप्प, वेग मर्यादेपेक्षा थोडा वर, पण नऊ मैलांच्या आत. नऊपर्यंत मी कधी कुणाला अडवलं नव्हतं, तेव्हा स्वतःलाही तेवढी सूट दिली. तेवढ्यात समोरून एक पांढऱ्या दाढीचा मोटरसायकलवाला आला आणि जाता जाता त्याने डाव्या हाताने हेल्मेटवर दोन थापा मारल्या. पुढे पोलीस आहे, सांभाळ. नोकरीत असताना या खुणेचा मला केवढा संताप यायचा ते तुला माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर मी किती शिव्या घातल्या असतील! पण हात आपोआप सैल झाला, वेग खाली आला, आणि पुढच्या वळणावर धान्याच्या कोठाराच्या सावलीत पोलिसांची गाडी उभी. माझीच जागा, डेला! तिथे बसायला माझ्या हाताखाली तयार झालेल्या त्या पॉलेटला मीच शिकवलं होतं. आणि रडारगन बंद ठेवायची, सावज टप्प्यात आल्यावरच घोडा दाबायचा, म्हणजे डिटेक्टरला सुगावा लागत नाही, ही युक्तीही माझीच. करावे तसे भरावे. तिने मला ओळखलं, हँडलवरची डबी पाहिली आणि दोन्ही हात आभाळाकडे नेले. मी तिला कडक सलाम ठोकला.

पुढे तीन मैलांवर समोरून एक बाई आली, निळी गाडी, मागे तंबूची वळकटी. मी काही ठरवलं नव्हतं. हात वर गेला आणि हेल्मेटवर दोन थापा बसल्या. तिने मान हलवली. तू चार वर्षांची असताना त्या तापाने तुझे कान गेले. तू आणि आई हातांनी तासन् तास बोलायचात, हसायचात, आणि मला तीसच खुणा यायच्या. त्यातल्या थांब, नाही आणि जेव या तीन मी वापरायचो. माझी बोटं जाड आहेत, मला वेळ नाही, असं मी म्हणायचो. तीस वर्षांत मी पहिल्यांदा न अडखळता हाताने एक पूर्ण वाक्य बोललो आणि ते एका अनोळखी बाईला कळलं. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडलो. मला ते ऐकू आलं नाही.

वायोमिंगमध्ये वारा नेहमीसारखाच होता, गाडी तिरकी धरून सरळ जायचं. रॉलिन्स गावाच्या पुढे वळलो, दोन उकडलेली अंडी आणि तुझ्या आईने बांधून दिलेले कोलाचे, ते जर्दाळू भरलेले गोड पाव, खाल्ले आणि परत निघालो. लॅरमी शहर सोडल्यावर उताराला उजवीकडे ट्रकची रांग, मी डाव्या लेनमध्ये त्यांना मागे टाकत चाललेलो. एकदम डोळ्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. पुढे बघतो तर काही नाही. डबीकडे पाहिलं तर बाण मागे. आरशात पाहिलं, पोलिसांची गाडी सुसाट येतेय, दिवे फिरतायत, रडार चालूच राहिलेलं. पुढे कुठेतरी अपघात झाला असणार. दोन ट्रकमधली फट साधली आणि उजवीकडे घुसलो. ती माझ्या कोपराजवळून गेली. सायरन नक्की वाजत असणार, मला एक कणही ऐकू आला नाही. आणि गंमत बघ, माझ्या पुढे एक भली मोठी पांढरी व्हॅन होती. आत धडधाकट कानांची पाच-सहा माणसं, काचा बंद, गाण्यावर माना डोलतायत. ती व्हॅन मैलभर बाजूला झाली नाही. पोलीस तिच्या शेपटाला चिकटलेला, आणि त्या गाडीत कुणाला पत्ता नाही!

पुढच्या पंपावर मी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि खिशातली यंत्रं कानात घातली. “हिला सायरन कसा ऐकू येणार?” सोळा वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात मी हे किती वेळा बोललो! तू अठराची होतीस, मोटरसायकल चालवायची म्हणत होतीस. तू पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतंस: मी बघते. बाबा, मी सारखी बघत असते. मी ते वाचलं आणि पाटी पालथी ठेवली. त्या उतारावर रस्ता सगळ्यात आधी मोकळा केला तो एका बहिऱ्या माणसाने, त्याच्या बहिऱ्या मुलीने पाठवलेल्या दिव्यामुळे. तुझं म्हणणं खरं होतं. शंभर टक्के खरं होतं, आणि ते सिद्ध करायला मला माझे कान घालवावे लागले. पंपावरच्या बाईने विचारलं, “आजोबा, रडताय का?” मी म्हटलं, “नाही, जिंकलोय.” खरं तर जिंकली होतीस तू.

आता शेवटचं पान. मोटरसायकलच्या लायसन्ससाठी तू अर्ज केलास आणि ऑफिसने तुला दोनदा परत पाठवलं. एकदा डॉक्टरचा दाखला मागितला, एकदा पुन्हा चाचणी मागितली, मग सरळ नाही म्हटलं. ते नकाराचं पाकीट आलं तेव्हा तू रडलीस आणि मी टेबलावर मूठ आपटून त्या ऑफिसला शिव्या दिल्या. तू येऊन माझ्या गळ्यात पडलीस. डेला, ऑफिसचा दोष नव्हता. त्यांना पत्र गेलं होतं, एका हायवे पोलिसाचं, बिल्ल्याच्या नंबरासकट: या मुलीला सायरन ऐकू येत नाही, ही रस्त्यावर धोका ठरेल. ते मी लिहिलं होतं. याच टेबलावर, हाताने, निळ्या शाईने. म्हणून हेही हातानेच लिहितोय. मला तुझी भीती वाटत होती, म्हणजे तुझ्यासाठी, पण ते कारण झालं, सबब नाही. त्या पत्रामुळे तू विसाव्या वर्षी घर सोडून आयडाहोला गेलीस, तिथे दीड महिन्यात लायसन्स मिळवलंस, आणि मी लोकांना सांगत राहिलो की पोरगी हट्टी आहे. तुझ्या आईला मी हे रविवारी सांगितलं. तिने हातांनी जे उत्तर दिलं त्यातला प्रत्येक शब्द मला चष्म्याशिवाय कळला. हे पोटात ठेवून तुझ्या मागे आठ दिवस गाडी चालवणं मला जमणार नाही, म्हणून तीन आठवडे गप्प होतो. माझं उत्तर असं आहे: मी येतोय. बारा ऑगस्टला सकाळी नऊ वाजता, तुझ्या गावाबाहेरच्या पुलाकडे तू सांगितलेल्या रस्त्याने येईन, लाल दिवा लावून. तू समोरून ये. मनात राग असेल तर सरळ निघून जा, मी गाडी वळवून घरी परतेन आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईन. पण जमलंच, तर हेल्मेटवर दोन थापा मार. पुढे पोलीस आहे हे मला ठाऊक आहे, तो मीच आहे. तरी मार.

तुझाच,
तुझ्या मागे गाडी चालवायला आतुर झालेला,
बाबा